बीज आणि क्षेत्र

भिवंडी शहर मागे टाकून वाड्याकडे जाणारा रस्ता धरला की नदीनाक्यापलीकडे शेलार लागते. एके काळी भातखाचरांचा असलेला हा मुलूख गेल्या काही पिढ्यांत यंत्रमागांनी व्यापला. मागांच्या पाठोपाठ उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगण या प्रांतांतून कामगारांची कुटुंबे आली, खाचरांच्या जागी गाळे आणि चाळी उभ्या राहिल्या आणि मूळच्या वस्तीच्या कानांवर चार भाषा पडू लागल्या. शेत असे मागे सरले. परंतु स्त्री म्हणजे शेत आणि पुरुष म्हणजे त्यात बी पेरणारा, ही कल्पना मात्र या चारही भाषांतून पूर्वीच्याच अधिकाराने नांदते आहे. मूल झाले नाही तर जमीन नापीक, मुलगी झाली तर दोष जमिनीचा, आणि हवी तेवढी मुले झाली की जमिनीचे काम संपले, असा तिचा तिहेरी निवाडा असतो. तो एकट्या शेलारचा नाही. सगळ्या महाराष्ट्राचा, किंबहुना सगळ्या देशाचा आहे. मानवी प्रजननसंस्थेची रचना आणि कार्य यांविषयी आज जे निश्चितपणे ठाऊक आहे त्याचा आढावा येथे घ्यावयाचा आहे. आणि तो घेत असता या निवाड्यातील एकही कलम शरीराच्या साक्षीपुढे टिकत नाही हेही दाखवावयाचे आहे, कारण त्याची किंमत बायका आजही आपल्या शरीराने मोजत आहेत.

ही कल्पना केवळ अडाण्यांची समजूत म्हणून सोडून देता येत नाही. तिच्या पाठीशी ग्रंथांचे पाठबळ होते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज श्रेष्ठ की क्षेत्र श्रेष्ठ याची चर्चा केलेली असून सामान्यतः कौल बीजाच्या बाजूने दिलेला आहे. ग्रीकांकडे ॲरिस्टॉटलनेही अपत्याला रूप पुरुषाकडून मिळते आणि स्त्री केवळ द्रव्य पुरवते असेच प्रतिपादन केले होते. या बाबतीत सुश्रुत अधिक सावध होता. गर्भ शुक्र आणि आर्तव या दोहोंच्या संयोगाने होतो, असे तो शारीरस्थानात मानतो. शव गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात ठेवावे आणि ते मऊ पडल्यावर त्वचेपासून एकेक थर उकलीत आतील अवयव पाहावेत, अशी रीत तो सांगतो. आणि गर्भाशयाचे वर्णन करताना त्याला रोहित माशाच्या मुखाची आठवण होते, जी प्रत्यक्ष पाहिल्यावाचून सहसा कोणाला होणार नाही. परंतु शुक्राचे आधिक्य झाले तर मुलगा आणि आर्तवाचे झाले तर मुलगी, हे त्याचे अनुमान पाहण्यातून आलेले नव्हते, आणि पुढे लोकांनी उचलले ते नेमके तेच. बीज आणि भूमी यांच्या या रूपकाने वारसा, जात आणि अपत्यावरील हक्क यांची व्यवस्था कशी लावून दिली, याचे मर्मग्राही विवेचन मानवशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी केले आहे. जिज्ञासूंनी ते मुळातून वाचावे.

युरोपातही सत्य एकाएकी प्रकट झाले नाही. १५६१ साली गाब्रिएले फालोप्पियोने गर्भनलिकांचे वर्णन केले, परंतु त्यांचे काम काय हे त्याला उमगले नाही. १६७२ साली रेनियर द ग्राफने अंडाशयातील पुटके दाखवली आणि १६७७ साली लेव्हेनहुकला सूक्ष्मदर्शकाखाली वीर्यातील हालते जीव दिसले. यानंतर जो वाद माजला त्यात एका पक्षाने शुक्रजंतूच्या डोक्यात घडी घालून बसलेला चिमुकला माणूस असतो असे मानून त्याचे चित्रही काढले. म्हणजे बीजश्रेष्ठत्वाच्या जुन्या मताला भिंगाखालीही आसरा मिळाला. सस्तन प्राण्यांचे स्त्रीबीज प्रत्यक्ष पाहण्याचा मान १८२७ साली कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर याला मिळाला, आणि शुक्रजंतू व स्त्रीबीज यांची केंद्रके एकमेकांत मिसळतात हे १८७६ साली ऑस्कर हर्टविगने समुद्री साळिंदराच्या अंड्यांत दाखवून दिले. स्त्रीलाही बीज आहे आणि अपत्याच्या घडणीत त्याचा वाटा पुरुषबीजाइतकाच आहे, हे ज्ञान याप्रमाणे दोनशे वर्षांचेही नाही. माणसाच्या मनातील रूढ कल्पनांच्या वयाशी ताडून पाहिले तर हा काळ फारच थोडा, आणि म्हणूनच हे ज्ञान वारंवार सांगत राहिले पाहिजे.

पुरुषाच्या संस्थेपासून आरंभ करू, कारण तिची तपासणी सोपी असूनही तीच सर्वांत शेवटी होते. दोन वृषण उदराबाहेर, अंडकोषाच्या पिशवीत असतात. त्याचे कारण असे की शुक्रजंतू घडण्यास शरीराच्या उष्णतेहून दोन-तीन अंश कमी उष्णता लागते. थंडीत ही पिशवी आक्रसते आणि उन्हाळ्यात सैल पडते, ती हीच उष्णता राखण्यासाठी. प्रत्येक वृषणात शेकडो बारीक नलिका वेटोळी घालून बसलेल्या असून त्यांच्या भिंतींतील मूळ पेशींपासून एक शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. तेथून तो वृषणाच्या पाठीशी असलेल्या अधिवृषणात येतो. उलगडली तर सुमारे सहा मीटर भरेल अशी ही नलिका पार करीत असताना, दोनेक आठवड्यांच्या अवधीत, त्याला पोहण्याचे बळ येते. पुढे रेतवाहिनी त्याला मूत्राशयामागे नेते. तेथे शुक्राशये आणि पुरस्थ ग्रंथी यांचे स्राव मिसळून वीर्य तयार होते. वीर्याच्या आकारमानाचा बहुतेक भाग या दोन ग्रंथींचा असतो आणि शुक्रजंतूंचा वाटा त्यात अगदी अल्प. नसबंदीनंतर पुरुषत्वात काहीही उणे येत नाही ते याचमुळे. त्या शस्त्रक्रियेत फक्त रेतवाहिनी बांधली जाते. वृषणाचे संप्रेरक रक्तातून पूर्ववत वाहते आणि वीर्यही दिसण्यात पूर्वीसारखेच राहते. असे असूनही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांनी संततिनियमनासाठी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतलेली आढळली, आणि पतीने नसबंदी करून घेतली आहे अशांचे प्रमाण अवघे ०.३ टक्के भरले. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी धोक्याची आणि पोट न उघडता होणारी आहे हे लक्षात घेतले, तर या दोन आकड्यांची तफावत शरीरशास्त्राने समजावता येत नाही.

पुरुषांच्या वाट्याला अज्ञानाचा त्रास येत नाही असेही नाही. शिश्नात हाड नसते आणि त्यातील स्पंजासारख्या ऊतीत रक्त भरून ते ताठ होते. चिंता, मधुमेह, तंबाखू आणि रक्तवाहिन्यांचे रोग या क्रियेत अडथळा आणतात. परंतु तरुण मुलांच्या मनात भरवलेले असते ते असे की वीर्य म्हणजे रक्ताचा अर्क, आणि स्वप्नात किंवा हस्तमैथुनाने ते गेले की आयुष्य गेले. या 'धातू जाण्या'च्या भीतीवर भिंतीभिंतींवरच्या जाहिराती आणि तंबूंतले दवाखाने पोसले जातात. घरापासून दूर, दहा जणांच्या खोलीत राहून बारा तासांची पाळी करणारा अठरा-वीस वर्षांचा मागकामगार त्यांचे हमखास गिऱ्हाईक होतो. वस्तुतः तयार झालेले शुक्रजंतू बाहेर पडले नाहीत तर शरीर त्यांचे विघटन करते. साठवून बळ वाढेल अशी ती ठेव नाही.

याच प्रकारच्या प्रश्नांना मराठीत, नाव घेऊन आणि आडपडदा न ठेवता उत्तरे देणारा एक माणूस मुंबईत होऊन गेला. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे पुत्र, विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार सोडावा की नोकरी सोडावी असा पेच पडला तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. १९२१ साली, म्हणजे मेरी स्टोप्सने लंडनमध्ये आपले केंद्र उघडले त्याच वर्षी, त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, आणि जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक पदरमोड करून चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेची फिर्याद झाली; १९३१ साली दंड झाला. १९३४ साली वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांबद्दल पुन्हा खटला उभा राहिला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला ते हरले आणि कर्व्यांनी पुन्हा दंड भरला. कर्व्यांची सगळीच मते मान्य व्हावीत असे नाही. काही मते त्यांनी अकारण टोकाला नेली असे मला वाटते. परंतु शरीराविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे हा गुन्हा नव्हे, या एका गोष्टीसाठी त्यांनी जे सोसले त्याचे ऋण मराठी समाजाने अद्याप फेडलेले नाही.

स्त्रीच्या संस्थेकडे वळताच विषयाची समृद्धी वाढते, आणि येथे थोडे रेंगाळणे भाग आहे. ओटीपोटात दोन्ही बाजूंस तीन ते पाच सेंटिमीटर लांबीची एकेक अंडाशयग्रंथी असते. तिच्यातील बीजे जन्मानंतर नव्याने तयार होत नाहीत असेच आजवरचा पुरावा सांगतो. गर्भ पाच महिन्यांचा असतानाच ती साठ-सत्तर लाखांवर पोहोचतात, जन्मावेळी दहा-वीस लाख उरतात, न्हाण येईपर्यंत तीन-चार लाख, आणि त्यांतून प्रत्यक्ष पक्व होऊन बाहेर पडतात ती जेमतेम चारशे-पाचशे. म्हणजे आजीच्या पोटात आई असते तेव्हाच, ज्या बीजापासून पुढे नातवंड व्हायचे ते बीज तिच्या चिमुकल्या अंडाशयात येऊन बसलेले असते. जिला केवळ क्षेत्र म्हणून बाजूला ठेवले तिच्याकडे बीजाचा असा जन्मापूर्वीचा साठा असावा, आणि ज्याला बीजधारी म्हटले त्याचे बीज तीन महिन्यांपलीकडे जुने नसावे, हे ते रूपकच मोडण्यास पुरेसे आहे.

दर महिन्याला जे घडते त्याची सूत्रे मेंदूतून हलतात. अधश्चेतक या मेंदूच्या तळभागातून ठरावीक लयीने एक संप्रेरक सुटते, ते पोषग्रंथीला जागे करते, पोषग्रंथीचे संप्रेरक अंडाशयातील काही पुटकांना वाढीस लावते, आणि वाढणारी पुटके इस्ट्रोजेन निर्माण करून गर्भाशयाच्या अस्तराची उभारणी करवतात. बहुधा एकच पुटक पुढे जाते आणि बाकीची विरतात. इस्ट्रोजेनची पातळी पुरेशी चढली म्हणजे पोषग्रंथीतून एका संप्रेरकाची लाट उसळते आणि तिच्या आरंभापासून सुमारे दीड दिवसात बीज बाहेर पडते. रिकाम्या पुटकाचा पीतपिंड होतो. तो प्रोजेस्टेरॉन स्रवून अस्तर गर्भासाठी सिद्ध ठेवतो, आणि गर्भ राहिला नाही तर सुमारे चौदा दिवसांनी मावळतो. त्याबरोबर अस्तर सुटे होऊन पाळी येते. दोन पाळ्यांतील अंतर एकवीस ते पस्तीस दिवसांचे असले तरी ते प्रकृतीला धरूनच आहे. ताण, उपासमार, अतिश्रम, थायरॉइडचे विकार यांनी ते बिघडते, कारण सूत्रे मेंदूकडे असून मेंदूला साऱ्या शरीराची खबर असते.

पाळीचे रक्त सरासरी तीस-चाळीस मिलिलिटर जाते. ऐंशीच्या वर जाऊ लागले तर तपासणी करावी. त्या रक्तात विषारी किंवा अशुद्ध असे काही नसते. ते रक्त आणि गर्भासाठी रचलेले अस्तर एवढेच असते. असे असता गडचिरोलीच्या माडिया वस्त्यांत बाई पाळीसाठीच्या वेगळ्या झोपडीत, म्हणजे कुर्माघरात, जाऊन बसते आणि शहरी घरांतही ती देवघरापासून दूर राहते. 'कावळा शिवला' म्हणून मुलीला बाजूला बसवले जात असे तेव्हा तिला निदान चार दिवसांची विश्रांती मिळत असे, असे समर्थन वडीलधारे करतात. विश्रांती जरूर द्यावी. तिच्यासाठी विटाळाची सबब कशाला लागावी?

बाहेर पडलेले बीज दहा-बारा सेंटिमीटर लांबीच्या गर्भनलिकेच्या झालरीसारख्या टोकाने टिपले जाते. ते फार तर एक दिवस टिकते. शुक्रजंतू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, म्हणून गर्भधारणेचा काळ महिन्यात सहाएक दिवसांचाच असतो. योनीत आलेल्या कोट्यवधी शुक्रजंतूंपैकी नलिकेपर्यंत काही शेच पोहोचतात. गर्भाशयमुखातील श्लेष्मा बीज पक्व होण्याच्या दिवसांत पातळ होऊन त्यांना वाट देतो आणि इतर दिवसांत घट्ट होऊन अडवतो. नलिकेचे आकुंचन त्यांना पुढे नेते. तिच्यातील स्रावांत त्यांना बीजभेदनाची पात्रता येते. पेरलेले बी मुकाट्याने स्वीकारणाऱ्या मातीचे हे वर्तन नव्हे. स्त्रीचे शरीर या सगळ्या व्यवहारात पावलोपावली निवड करते, साहाय्य करते आणि नकारही देते.

या नलिका क्षयरोगाने किंवा इतर संसर्गाने बंद झाल्या तर गर्भ राहत नाही, आणि नलिकांचा क्षय पुष्कळदा काहीही लक्षण न दाखवता आपले काम उरकतो. परंतु मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारण, एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने, आढळते. वीर्याची तपासणी स्वस्त असते आणि तिला शस्त्रक्रिया लागत नाही. तरीही सुनेला दवाखाने, नवस आणि गंडेदोरे यांतून वर्षानुवर्षे फिरवल्यावर कोणीतरी दबकत मुलाच्या तपासणीची गोष्ट काढतो. पहिल्याच भेटीत दोघांची तपासणी व्हावी, एवढा एक शिरस्ता पडला तरी केवढे दुःख वाचेल! बंद नलिका वगळून गर्भधारणा घडवण्याचा मार्ग १९७८ साली इंग्लंडमध्ये यशस्वी झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात कलकत्त्याला सुभाष मुखोपाध्याय यांनीही तो साधला, परंतु सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही आणि १९८१ साली त्यांनी जीवन संपवले. मुंबईत केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजननसंशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी अशा बालकाचा जन्म झाला. पुढे मुखोपाध्यायांची टिपणे वाचून, देशातील पहिला मान आपला नसून त्यांचा आहे, हे आनंदकुमारांनी स्वतः जाहीर केले. शास्त्रज्ञाच्या सचोटीचा याहून उजळ दाखला आपल्याकडे क्वचितच सापडेल.

मुलगा की मुलगी हे कशाने ठरते, याविषयी आता शंकेला जागा नाही. स्त्रीबीजात सामान्यतः एक्स हे लिंगगुणसूत्र असते. शुक्रजंतूंपैकी निम्म्यांत एक्स आणि निम्म्यांत वाय असते. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या विदुषीने किड्यांच्या पेशींत हा भेद टिपला, आणि वाय गुणसूत्रावरील ज्या एका जनुकामुळे वृषण घडते ते १९९० साली सापडले. सहा आठवड्यांपर्यंत सर्वच गर्भांत दोन्ही लिंगांचे मूळ घटक शेजारी शेजारी असतात. त्यानंतर एकाच ग्रंथीचे वृषण किंवा अंडाशय होते, आणि एकाच उंचवट्यापासून शिश्न किंवा भगशिश्निका. या वाटेत थोडा फरक पडून काही मुले दोहोंच्या मधल्या शरीररचनेने जन्माला येतात. तीही निसर्गाचीच घडण आहे. भगशिश्निकेचे बाहेर दिसते ते टोक लहान असले तरी तिचा मोठा भाग आत पसरलेला असतो. तिचे कार्य केवळ सुखसंवेदनेचे आहे, आणि कदाचित त्यामुळेच शरीरशास्त्राच्या पुस्तकांनी तिच्याकडे दीर्घकाळ काणाडोळा केला. १९९८ साली हेलन ओकॉनेल यांनी तिची पूर्ण रचना मांडली.

लिंगनिश्चितीचे हे ज्ञान लोकांपर्यंत पोहोचण्याआधी यंत्र पोहोचले. गर्भजलपरीक्षेचा दुरुपयोग मुंबईत बोकाळला तेव्हा स्त्रीसंघटनांनी आणि डॉक्टरांनी चळवळ केली आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम त्याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली आला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात २००१ साली ९१३ होती, ती २०११ साली ८९४ वर उतरली. ज्या घरात मुलगी झाली म्हणून सुनेला जाब विचारला जातो त्या घरात जाब द्यावयाचाच असेल तर तो मुलाने द्यावा लागेल. आणि खरे पाहता त्यालाही तो देता येणार नाही, कारण कोणता शुक्रजंतू पुढे जावा हे त्याच्याही हाती नसते.

निषेचित बीज विभागत विभागत पाच-सहा दिवसांत गर्भाशयात येते आणि अस्तरात रुजते. साडेसात सेंटिमीटर लांबीचा, पन्नास-साठ ग्रॅम वजनाचा हा स्नायूंचा अवयव नऊ महिन्यांत किलोभर वजनाचा होतो आणि प्रसूतीनंतर दीड महिन्यात पुन्हा जवळजवळ पूर्वस्थितीला येतो. शरीरात असे सामर्थ्य असलेला दुसरा अवयव नाही. वार ही सुमारे अर्ध्या किलोची तात्पुरती ग्रंथी गर्भाची फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि आतडी या सर्वांचे काम करते आणि ती मुख्यतः गर्भाच्याच पेशींची बनलेली असते. गर्भाशयमुख नऊ महिने मिटून राहते. ज्या स्त्रियांत ते अकाली उघडे पडून गर्भ पुनःपुन्हा निसटतो त्यांच्यासाठी मूळचे गोव्यातील शिरोड्याचे आणि मुंबईत नावारूपाला आलेले डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी १९५५ साली जो टाका सांगितला, तो जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. कल्याण हे शेलारहून फार दूर नाही. तेथील आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्या डॉक्टर व्हायला निघाल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाला पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला. चौदाव्या वर्षी श्रोणीची हाडे आणि स्नायू यांची वाढ पुरी झालेली नसते. मुलीचे लग्न लांबवण्याची बाजू याप्रमाणे तिचे शरीरच मांडते.

प्रसूतीनंतरच्या शरीराविषयी मात्र आपल्याकडे फार थोडे बोलले जाते. ओटीपोटाचा तळ स्नायूंच्या पट्ट्यांनी तोललेला असतो. वारंवार बाळंतपणे, लगेच उचललेली ओझी, जुनाट खोकला यांनी तो ढिला पडून अंग बाहेर येते. त्यावर गर्भाशय न काढता ते जागी टांगून ठेवण्याच्या शस्त्रक्रिया शिरोडकर आणि पुरंदरे या मुंबईच्याच शल्यविशारदांच्या नावे रूढ आहेत. अंगावरून पांढरे जाणे, कंबर धरणे, लघवीची जळजळ यांची तर गणतीच नको. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये जे प्रसिद्ध केले त्याने जगाचे डोळे उघडले: ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. तोवर ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा सरकारी जमाखर्च गर्भारपण आणि नसबंदी या दोनच सदरांत मांडला जात असे. क्षेत्राची चौकशी पेरणीच्या आणि कापणीच्या वेळीच करावयाची, हा जुना न्याय दप्तरातही असा शिरला होता.

त्या न्यायाचे सर्वांत दारुण फळ बीड जिल्ह्यात दिसले. ऊसतोडीला जाणाऱ्या मजूर स्त्रियांपैकी कित्येकींची 'पिशवी' पस्तिशीच्या आतच काढलेली आहे, हे २०१९ साली उजेडात आले. राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. देशात १५ ते ४९ या वयोगटात हे प्रमाण २०१५–१६ च्या पाहणीत ३.२ टक्के होते. पाळीचे खाडे पडले तर मुकादमाचा दंड, फडावर पाणी नाही, आडोसा नाही, आणि अंगावरून जाते म्हणून दवाखान्यात गेले तर कर्करोगाचे भय घालून 'मुले झाली ना, आता पिशवी कशाला' असा सल्ला. ज्या बाईने उचल फेडण्यासाठी हे कबूल केले तिला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु तो सल्ला शरीरशास्त्राच्या दृष्टीने खोटा आहे. गर्भाशयाबरोबर अंडाशये काढली तर इस्ट्रोजेन एकाएकी थांबते आणि हाडे ठिसूळ होणे, हृदयविकार, झोप उडणे हे सारे अकाली दाराशी येते. अंडाशये ठेवली तरी त्यांचे काम अपेक्षेहून लवकर मंदावते असे आढळले आहे. अंडाशयाची संप्रेरके हाडांना, रक्तवाहिन्यांना, त्वचेला आणि मेंदूला लागतात; मुले होवोत न होवोत, ती पन्नाशीच्या आसपासपर्यंत स्त्रीच्या शरीराची गरज भागवीत असतात. बीडच्या प्रकरणानंतर जिल्हा शल्यचिकित्सकाच्या मंजुरीवाचून खाजगी रुग्णालयांनी ही शस्त्रक्रिया करू नये असा हुकूम निघाला, आणि तो योग्यच होता.

ज्या कर्करोगाचे भय घातले गेले त्याचे उत्तर शेजारच्याच जिल्ह्यात दहा वर्षे आधी सापडले होते, ही गोष्ट मनाला फार लागते. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी एका विषाणूच्या दीर्घकाळ राहिलेल्या संसर्गाने होतो, आणि तो होण्याआधी पेशींत होणारे बदल वर्षानुवर्षे तेथे दिसत असतात. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेल्या, बार्शीच्या रुग्णालयाच्या साहाय्याने केलेल्या चाचणीचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला: त्या विषाणूची आयुष्यात एकदाच केलेली तपासणीही या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आणते. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी दीड लाख स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात तर साध्या शिकवलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल गर्भाशयमुखाला लावून दिव्याच्या उजेडात पांढरा पडणारा भाग तेवढा पाहिला, आणि दोन-दोन वर्षांनी केलेल्या चार फेऱ्यांत मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. अशी तपासणी तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी व्हावी, असे केंद्र सरकारचे धोरण २०१६ पासून आहे. २०१९–२१ च्या पाहणीत ती कधीही झालेल्या स्त्रिया मात्र देशात दोन टक्क्यांच्याही आत निघाल्या.

शेलारच्या चाळींत हे काम अवघड आहे, कारण तेथील कुटुंबे गावाकडे जातात, परत येतात, खोली बदलतात, आणि आशाताईच्या वहीतील नावे दरसाल वेगळी असतात. परंतु भिवंडीचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे आणि या तपासणीला लागणारे सामान एका पिशवीत मावते. शाळेच्या बाजूनेही वाट बंद नाही. २००७ साली विधिमंडळात गदारोळ होऊन लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम राज्यात थांबवला गेला असला, तरी दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननाचे प्रकरण आहे. ते मुलामुलींना एकत्र बसवून, कोणतेही पान न गाळता शिकवले जावे. आणि तोवर, आज एखाद्या घरात पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला असेल, तर त्या बाईने आणि तिच्या नवऱ्याने सही करण्यापूर्वी डॉक्टरांना एवढे अवश्य विचारावे, की रोग नेमका कोणता आहे, तो तपासणीच्या कोणत्या कागदावर दिसतो, औषधाने किंवा संप्रेरकयुक्त तांबीने तो आटोक्यात येईल काय, आणि शस्त्रक्रिया करावीच लागली तर अंडाशये ठेवणार की काढणार.